पोराला सांगायचं कुणी?

२७ फेब्रुवारी २००५ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये ऑस्कर वाटले गेले. आपल्याकडे तेव्हा २८ तारखेची, सोमवारची सकाळ होती. त्या दिवशी चिदंबरम बजेट मांडणार होते, त्यामुळे लोकलमध्ये सगळी चर्चा इन्कम टॅक्सची. आणि खरं सांगायचं तर आपल्याला ऑस्करमध्ये रस उरलाच नव्हता. आपला 'श्वास' महिनाभर आधी, २५ जानेवारीला नामांकनं जाहीर झाली तेव्हाच बाहेर पडला होता.

त्या रात्री काय झालं ते मी बऱ्याच वर्षांनी, एका रिकाम्या वीकांताला नीट वाचलं आणि चाटच पडलो. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला क्लिंट ईस्टवुडचा 'मिलियन डॉलर बेबी'. (पाहिला नसेल तर पुढचं वाक्य डोळे मिटून वाचा.) त्यातली बॉक्सर मुलगी मानेपासून खाली लुळी पडते आणि 'मला आता मरू द्या' म्हणते. परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर गेलं स्पेनच्या 'द सी इन्साइड'ला. तो रामोन साम्पेद्रो या खऱ्या माणसावरचा. हा गृहस्थ जवळजवळ तीस वर्षं अंथरुणाला खिळून होता आणि मरणाचा हक्क मागत होता. आणि परभाषिक गटातल्या पाच नामांकनांत दक्षिण आफ्रिकेचा 'येस्टरडे' नावाचा झुलू भाषेतला सिनेमा होता. एका खेड्यातली बाई, तिला एड्स झालाय, नवरा जोहान्सबर्गच्या खाणीत कामाला. तिची इच्छा एवढीच की मुलगी शाळेत जाईपर्यंत आपण जगावं.

म्हणजे बघा, 'श्वास' ज्या वर्षी मागे पडला, ते वर्ष आजार आणि मरण यांवरच्या सिनेमांचंच होतं. आणि आम्ही ठाणे-डोंबिवलीकर काय म्हणत होतो? "पैसे कमी पडले हो. पब्लिसिटी कमी पडली. अमेरिकेतल्या लोकांना असले रडके पिक्चर चालत नाहीत."

पैसे कमी पडले यात तथ्य नाही असं नाही. तिकडे एकेका सिनेमामागे जे बळ उभं राहतं, ते आपल्याकडे कुठून येणार? पण 'असले पिक्चर चालत नाहीत' हे मात्र साफ चूक. चालत होते. त्या रात्री तर तेच चालले.

आणखी एक गोष्ट तेव्हापासून ऐकतोय : 'श्वास' ऑस्करच्या यादीत सहावा आला, म्हणजे एका नंबरने नामांकन हुकलं. अजूनही लोक हे छातीठोकपणे सांगतात. अकादमी मतांचे आकडे किंवा असे क्रमांक कधीच जाहीर करत नाही. तेव्हा हा सहावा नंबर कुणी मोजला ते देव जाणे. पण मराठी माणसाला 'थोडक्यात हुकलं' हे वाक्य फार आवडतं. पानिपतापासूनची सवय आहे. असो.

मुद्दा हा की 'श्वास'ला आपण ज्या चष्म्यातून पाहिलं, तो चष्माच वेगळा होता. ही गोष्ट जरा मागे जाऊन सांगायला हवी.

१९५३ साली आचार्य अत्र्यांनी 'श्यामची आई' काढला. पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले आणि पहिलंच राष्ट्रपतींचं सुवर्णपदक या सिनेमाला मिळालं. त्यानंतर मराठी सिनेमाला तो सर्वोच्च मान मिळाला तो थेट २००४ मध्ये, २००३ सालच्या पुरस्कारांत, 'श्वास'ला. मध्ये पन्नास वर्षं गेली. या पन्नास वर्षांत आपण तमाशापट पाहिले, दादा कोंडके पाहिले, अशोक-लक्ष्याच्या धमाल कॉमेड्या पाहिल्या, मग माहेरच्या साड्या पाहून रडलो, आणि नव्वदीच्या शेवटी तर 'मराठी पिक्चर? ते थिएटरात जाऊन कोण बघतं?' इथपर्यंत आलो. कल्याणला अत्र्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे, तिथे नाटकाला गर्दी व्हायची. ठाण्यात गडकरीला तर शनिवार-रविवारी तिकीट मिळायची मारामार. मराठी सिनेमाला मात्र माणूस जायचा नाही. बसलाच तर केबलवर, दुपारी, आई भाजी निवडताना.

अशात 'श्वास' आला. माधवी घारपुरे यांच्या कथेवरून, संदीप सावंत नावाच्या नव्या दिग्दर्शकाने केलेला. अरुण नलावडे त्यात आजोबा होते आणि निर्मात्यांपैकी एकही. अश्विन चितळे या छोट्याला बालकलाकाराचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. सुवर्णकमळ मिळालं आणि एका रात्रीत चित्र पालटलं. आमच्या आजीला पेपरातली कात्रणं जपायची सवय होती. त्या वर्षीची 'श्वास'ची कात्रणं तिने एका जुन्या दिवाळी अंकात घालून ठेवली होती, ती माझ्याकडे आहेत. परवा पुन्हा काढून बसलो. 'श्वास' या शब्दावर जितक्या कोट्या करता येतात तितक्या सगळ्या मथळ्यांत आहेत. मराठी सिनेमा श्वास घेतोय, मोकळा श्वास, नवा श्वास, दीर्घ श्वास. मजकुरात सिनेमा थोडा आणि सत्कार जास्त. पन्नास वर्षांनी, अत्र्यांनंतर, मराठी झेंडा... आणि मग ऑस्करची निवड झाल्यावर तर विचारूच नका. निधी जमवायची मोहीम सुरू झाली. राज्य सरकारने पैसे दिले, अमिताभ बच्चन यांनी दिले, नाशिकच्या शाळकरी पोरांनी पणत्या विकून पैसे जमवले. एका सिनेमासाठी शाळेतली पोरं पणत्या विकतायत, हे मला आजही वाचताना भरून येतं. त्याची टिंगल करायचा माझा अजिबात विचार नाही.

पण त्या सगळ्या कौतुकात एक प्रश्न कुणी फारसा विचारलेला मला दिसत नाही. हा सिनेमा म्हणतोय काय?

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोकणातल्या खेड्यातले केशवराव विचारे नातवाला, परशुरामला, घेऊन शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात येतात. पोराला नीट दिसत नाही म्हणून. निघतो डोळ्यांच्या पडद्याचा कॅन्सर. दोन्ही डोळे काढले तर जीव वाचेल, नाहीतर नाही. (हा आजार, रेटिनोब्लास्टोमा, लहान मुलांनाच होतो, बहुतेकदा पाच वर्षांच्या आत. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत पोराची बाहुली लालऐवजी पांढरी चमकली, तर ताबडतोब डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं. वेळेवर सापडला तर जीव वाचायची शक्यता खूप मोठी असते, कित्येकदा डोळाही वाचतो. विषयांतर आहे, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.)

इथपर्यंत गोष्ट साधी आहे. सिनेमा सुरू होतो तो पुढे. सर्जन डॉ. साने म्हणतात, ऑपरेशनच्या आधी पोराला सांगा. त्याचे डोळे जाणार आहेत हे त्याला माहीत असलं पाहिजे. आता कायद्याने बघाल तर लहान मुलाच्या ऑपरेशनला पालकाची सही पुरते. डॉक्टरांना आजोबांचा अंगठा घेऊन मोकळं होता आलं असतं. पण ते अडून बसतात. आणि आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही. पोराला सांगायचं कुणी? अख्खा सिनेमा या एका वाक्यावर उभा आहे. पुढे ऑपरेशन लांबतं आणि आजोबा नातवाला घेऊन वॉर्डातून नाहीसे होतात. डोळे आहेत तोवर त्याला जग दाखवून आणायला. पणत्या, झेंडे, ऑस्कर हे सगळं नंतरचं.

(डॉक्टरांचं आडनाव साने आहे हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. पहिल्या सुवर्णपदकामागे साने गुरुजी, दुसऱ्यात डॉक्टर साने. योगायोगच असणार, पण आईच्या आजारपणाचं आणि मरणाचं सत्य पोराच्या वाट्याला येणं हे 'श्यामची आई'तही आहेच की.)

आजाऱ्याला खरं सांगावं की नाही, हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका जुनाट किंवा फक्त आपलाच नाही. १९६१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांची एक पाहणी झाली होती. त्यातले सुमारे ९० टक्के डॉक्टर म्हणाले, कॅन्सर झालाय हे आम्ही पेशंटला शक्यतो सांगत नाही. १९७९ साली तीच प्रश्नावली पुन्हा फिरवली, तेव्हा ९७ टक्के म्हणाले, आम्ही सांगतो. अठरा वर्षांत पूर्ण उलटं! म्हणजे 'खरं सांगणं' ही काही पाश्चात्त्यांची सनातन परंपरा वगैरे नाही, तिकडेही कालपरवाची गोष्ट आहे. मग तिथल्या सिनेमात आणि समीक्षेतही हा प्रश्न बदलला. २००५ च्या त्या रात्रीचे सिनेमे पाहा. त्यात 'सांगायचं का?' हा सवालच नाही. पेशंटला सगळं माहीत आहे, आता तो म्हणेल ते ऐकायचं का, हा सवाल आहे. आपला 'श्वास' एक पायरी आधीची गोष्ट सांगत होता. तिथल्या प्रेक्षकाला ती कशी वाटली असेल याचा मी अधूनमधून विचार करतो.

आपल्याकडे या बाबतीतला आदर्श सिनेमा म्हणजे 'आनंद', १९७१. आनंदला सगळं ठाऊक आहे, तो हसत हसत मरतो, आणि आपण रडत रडत घरी येतो. हृषिदांचा सिनेमा मला प्राणप्रिय आहे, पण एक गोष्ट बघा. त्यात दोन डॉक्टर आहेत. भास्कर बॅनर्जी तोंडावर खरं बोलतो, तुम्हाला काही झालेलं नाही म्हणून श्रीमंत पेशंटला हाकलून देतो. आणि रमेश देवांचा डॉ. कुलकर्णी अशाच पेशंटला गोड बोलून गोळ्या देतो. खोटं बोलणारा डॉक्टर मराठी, आणि आपल्याला तोच जास्त आवडतो! 'आनंद'मध्ये अडचण एवढीच की आनंदला घरच नाही. आई नाही, बायको नाही, आत्या नाही, चुलता नाही. त्याला सांगायचं की नाही यावर बैठक कोण भरवणार?

खरी बैठक पाहायची असेल तर कुरोसावाचा 'इकिरू' पाहा, १९५२ चा. जपानमध्ये त्या वर्षीचा सर्वोत्तम सिनेमा म्हणून 'किनेमा जुंपो' या तिथल्या नावाजलेल्या मासिकाने तो निवडला होता. नायक म्युनिसिपालिटीतला कारकुनांचा साहेब. आयुष्यभर शिक्के मारलेला. पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात जातो. वेटिंग रूममध्ये शेजारी बसलेला एक आगाऊ पेशंट त्याला सांगतो : डॉक्टर जर म्हणाला की साधा अल्सर आहे, ऑपरेशन नको, हवं ते खा, तर समजा कॅन्सर. आत गेल्यावर डॉक्टर शब्दन् शब्द तेच म्हणतो. आणि सिनेमाच्या उत्तरार्धात तो मेलेला आहे, त्याच्या फोटोसमोर ऑफिसातली मंडळी बसून पितायत आणि वाद घालतायत : त्याला माहीत होतं का? हा वाद मी आमच्या घरी, थेट याच शब्दांत ऐकलेला आहे, म्हणून सांगतो.

आमचे काका डोंबिवली पूर्वेला राहायचे. सरकारी नोकरी, ८.१२ ची फास्ट, बत्तीस वर्षं. 'श्वास' आम्ही सगळ्यांनी एकत्र पाहिला होता, २००४ मध्ये, ठाण्याला. सुवर्णकमळ मिळालंय, मराठी माणसाने पाहिलाच पाहिजे, म्हणून आत्याने अकरा तिकिटं काढली. बाहेर पडल्यावर तलावपाळीला पाणीपुरी खाताना चर्चा अर्थातच ऑस्करची. 'लगान'चं तर नामांकन झालं होतं, मग आपलं का नाही होणार, वगैरे. काका एवढंच म्हणाले, "त्या पोराला सांगितलं हे बरं केलं." कुणी लक्ष दिलं नाही. काकू म्हणाली, "तिखट पाणी नका घेऊ हो, तुम्हाला पित्त होतं."

२००६ च्या पावसाळ्यात काकांचे रिपोर्ट आले. अन्ननलिका. मग बैठक भरली, ती आमच्या ठाण्याच्या घरी, म्हणजे काकांना ऐकू जायला नको. आत्या, बाबा, काकू, काकूचा भाऊ. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, चहा देण्यापुरता आत-बाहेर. ठरलं असं की 'गाठ आहे, साधी आहे' एवढंच सांगायचं. मोठी अडचण हॉस्पिटलची. आपल्या मध्य रेल्वेच्या पट्ट्यात 'टाटाला नेलंय' एवढं म्हटलं की पुढचं वाक्य बोलावं लागत नाही. परळचं टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं, तेव्हापासून किती लाख माणसं तिथून बरी होऊन घरी आली असतील. पण नावाचा धसका तो धसकाच. म्हणून पहिले दोन महिने त्यांना दुसऱ्या एका खाजगी ठिकाणी नेलं, जिथल्या पाटीवर तो शब्द नव्हता. फायलीवरचं विभागाचं नाव काकूच्या भावाने ब्राऊन पेपरचं कव्हर घालून झाकलं. शाळेच्या वहीला घालतात तसं. वर लेबल लावलं, त्यावर काकांचं नाव आणि पत्ता, सुंदर अक्षरात.

काका फेब्रुवारीत गेले. तेराव्याला पाटावरून उठल्यावर हाच वाद : त्यांना कळलं होतं का? आत्या म्हणाली छे, शेवटपर्यंत बिचाऱ्यांना कल्पना नव्हती. बाबा गप्प. मग काकूने सांगितलं की दिवाळीतच त्यांनी विजेचं मीटर आणि गॅसचं कार्ड तिच्या नावावर करून घेतलं होतं. एकटे जाऊन, रांगेत उभं राहून. तिला म्हणाले होते, नवीन नियम आलाय.

तर 'श्वास'ची सगळ्यात नेमकी समीक्षा मी ऐकली ती पाणीपुरीच्या गाडीवर, सहा शब्दांत. छापील कात्रणांत मला ती सापडली नाही. छापणाऱ्यांचा दोष नाही म्हणा. पन्नास वर्षांनी सुवर्णकमळ आल्यावर माणूस ढोल वाजवणार, की 'आपण आपल्या माणसांशी खोटं का बोलतो' यावर अग्रलेख लिहिणार?

सिनेमा म्हणून 'श्वास' निर्दोष आहे असंही मला वाटत नाही. आजोबा आणि नातू नाहीसे झाल्यावर हॉस्पिटलात पत्रकार वगैरे घुसतात, तो भाग तेव्हाही मला ठोकळेबाज वाटला होता आणि आता तर जास्तच. अमृता सुभाषची समाजसेविका आसावरी फार सरळ आहे, दुसऱ्याचं दुःख आपलं करणारी, तिला स्वतःचं काही दुखतच नाही. आणि मुख्य म्हणजे हा सिनेमा आजोबांचा आहे, पोराचा नाही. पण अरुण नलावड्यांचा तो चेहरा! डॉक्टर बोलतायत, अर्ध्याहून जास्त शब्द कळत नाहीयेत, आणि जे कळलंय ते कळलं नसतं तर बरं, असा. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये गावाकडचा माणूस कसा भिंतीला धरून चालतो, ते त्यांनी बरोब्बर पकडलंय. तेवढ्यासाठी शंभर पत्रकार माफ.

डॉ. सान्यांचं काम केलेले संदीप कुलकर्णी पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, 'डोंबिवली फास्ट'मध्ये माधव आपटे झाले. निशिकांत कामतांचा सिनेमा. त्यालाही त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. आमच्या भागात त्यांना कुणीही आजही 'आपटे' म्हणूनच ओळखतं. पण हे दोघे मला एकाच गोत्राचे वाटतात. दोघेही 'जे आहे ते आहे' म्हणणारे. एक हॉस्पिटलात म्हणतो म्हणून देवमाणूस, दुसरा रस्त्यावर म्हणतो म्हणून वेडा. डोंबिवलीकरांनी आपट्यांना डोक्यावर घेतलं, त्याच्या बॅटीवर टाळ्या वाजवल्या. व्यवस्थेशी खरं बोलणारा आपल्याला हवा असतो. घरातल्या आजाऱ्याशी खरं बोलणारा मात्र निर्दय वाटतो.

पुढची दहाएक वर्षं मराठी सिनेमाला चांगली गेली. 'टिंग्या', 'वळू', 'गाभ्रीचा पाऊस', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. 'श्वास'ने दार उघडलं असं सगळे म्हणतात आणि ते बरोबरच आहे. गंमत म्हणजे ज्यांनी उघडलं, त्या संदीप सावंतांचा पुढचा सिनेमा, 'नदी वाहते', यायला २०१७ उजाडलं. तेरा वर्षं! एवढा सत्कार आणि एवढी प्रतीक्षा एकाच माणसाच्या वाट्याला.

आजारपणाचे सिनेमे येत राहिले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर हे तर त्या वाटेवरचे वारकरीच. त्यांचा 'अस्तु' २०१३ चा. संस्कृतचे प्रकांड पंडित स्मृतिभ्रंशाने हरवत जातात. मोहन आगाशे त्यात काय दिसलेत! अमृता सुभाषला यातल्या माहुताच्या बायकोसाठी सहायक अभिनेत्रीचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. 'श्वास'मधल्या आसावरीपेक्षा ही बाई शंभर पटींनी जिवंत आहे. आणि हा सिनेमा थिएटरात नीट लागला कधी, तर २०१६ मध्ये. पारितोषिक घरात, प्रिंट कपाटात.

मग आलं २०१६ चं वर्ष. त्या सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत (जाहीर झाले २०१७ मध्ये) सुवर्णकमळ भावे-सुकथनकरांच्या 'कासव'ला, विषय नैराश्य. दिग्दर्शनाचं पारितोषिक 'व्हेंटिलेटर'च्या राजेश मापुसकरांना, विषय मरणपंथाला लागलेला म्हातारा. आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट 'दशक्रिया', तो तर मेल्यानंतरचा! (त्यावर पुढे बंदीची मागणीही झाली, पण ती वेगळी कथा.) एका सालात मराठीने आजार, अतिदक्षता विभाग आणि घाट असा सगळा प्रवास उरकला. आता कुठे गेले 'असले रडके पिक्चर चालत नाहीत' म्हणणारे?

'व्हेंटिलेटर' तर चालला. ४ नोव्हेंबर २०१६ ला लागला आणि पाचव्याच दिवशी रात्री आठला नोटाबंदी! तिकिटाला सुटे पैसे नाहीत आणि तरी ठाण्याच्या मल्टिप्लेक्सात हाउसफुल्ल. कामेरकरांचे गजाननकाका व्हेंटिलेटरवर, गणपती तोंडावर, आणि अख्ख्या खानदानाला एकच काळजी : आत्ता गेले तर सुतक येईल, मग गणपतीचं काय? या एका काळजीवर लोक खुर्चीतून पडेपर्यंत हसत होते. मीही. बाहेर येताना समीक्षकांनी काय लिहिलंय याची कुणाला फिकीर नव्हती, प्रत्येकजण आपापल्या खानदानातला आयसीयूबाहेरचा किस्सा सांगत होता. बारा वर्षांपूर्वी ऑस्कर, आता किस्से. मला ही प्रगती वाटते.

पण या सिनेमातही एक गोष्ट उरतेच. गजाननकाकांना कुणी काही सांगण्याचा प्रश्न येत नाही, ते शुद्धीवरच नाहीत. निर्णय पोराने घ्यायचाय. नळी ठेवायची की काढायची? तोवर कायदा इथवर आला होता की २०११ मध्ये अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, हायकोर्टाच्या परवानगीने आणि फार अटी घालून, उपचार थांबवायला वाट दिली होती. ९ मार्च २०१८ ला न्यायालयाने पुढचं पाऊल टाकलं : शुद्धीत असतानाच माणूस लिहून ठेवू शकतो की वेळ आल्यावर मला यंत्रावर ठेवू नका. पण त्यासाठी दंडाधिकाऱ्याची सही हवी होती, त्यामुळे कुणी त्या फंदात पडत नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं.

हे मी आईला वाचून दाखवलं. तिने 'श्वास' दोनदा पाहिलाय, 'व्हेंटिलेटर' टीव्हीवर लागेल तेव्हा बघते. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मला आधी सांगायचं. काय असेल ते आधी मला, मग तुझ्या आत्याला. आणि तो कागद करून आण." कागद मी इंटरनेटवरून काढलाय, मराठीत करून टाइप केलाय, नोटरी स्टेशनजवळ बसतात तेही पाहून ठेवलंय. शनिवारी जायचंय. अडलंय ते साक्षीदारांवर. शेजारचे जोशी नकोत, म्हणते, सगळ्या बिल्डिंगला कळेल.